दोन पंखांचा तीर

एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं. शिमग्याला आठ दिवस उरले असताना एका दुपारी माझा बा खांद्यावर मेलेली घार टाकून घरी आला. मी अंगणात नागली पाखडत होते आणि जिवली वैनी, माझ्या भावाची, लखमादादाची, बायको, कुडाची भिंत सारवत होती. बाने घार आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली, कोयत्याने तिचे दोन्ही पंख मुळातून सोडवले आणि उजवा माझ्यापुढे टाकला, डावा वैनीपुढे.

"एकेक तीर बांधा," तो म्हणाला. "शिमग्याच्या शिकारीला लखमा हेच दोन तीर नेईल. जिच्या तिराला ससा पडेल तिची पोतडी."

"एकच तीर, बा?"

"एकच. दहा बांधले तर एखादा नशिबानं पण सरळ जातो."

वैनी शेणाचे हात तसेच धरून हसली. "बास, मला तर दहा बांधून पण जमायचं नाय," ती म्हणाली. तिला जमत होतं. तिला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं आणि हे तिला ठाऊक नव्हतं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

मोखाड्याच्या वरच्या अंगाला आमचा वारल्यांचा पाडा होता. पंधरा घरं. पंधराही घरांचे तीर आमच्याकडे बांधले जायचे. कामठ्याला, म्हणजे धनुष्याला, बाईने हात लावायचा नाही अशी रीत होती, पण तीर बांधायला बाईची बोटं चालत. आणि एक रीत अशी की शिमग्याच्या शिकारीतला पहिला ससा मारणाऱ्याचा नसायचा. तीर ज्याने बांधला त्याचा. बाई असली तर ससा तिच्या पदरात टाकायचा, सगळ्या पाड्यासमोर. माझ्या आजीच्या पदरात सात वेळा पडला होता असं सांगत. ती गेल्यावर पोतडी बाच्या हातात आली. कातड्याची पिशवी, तिच्यात बारीक पात्याची सुरी, वाखाचा दोरा, धावड्याचा डिंक आणि पिसं. आता बाच्या डोळ्यांत दुधासारखं पांढरं उतरलं होतं. त्याला उजेडातही दोरा दिसत नव्हता.

मी तेव्हा अठराची होते. पंधराव्या वर्षी लग्न झालं, सतराव्या वर्षी नवरा दुसरी घेऊन आला आणि मी माझं लुगडं गुंडाळून परत आले. बाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवलं, हातात सुरी दिली आणि पीस कसं चिरायचं ते दाखवलं. त्या एका वर्षात पाड्यातले सगळे तीर मीच बांधले. कुणी विचारलं, "शिडवा, पोरगी किती दिवस राहणार?" तर बा म्हणायचा, "तिच्याशिवाय तीर कोण बांधेल?" त्या एका वाक्यावर मी त्या घरात भाकरी खात होते.

मग लखमादादाने तलासरीकडची बायको केली.

तीर बांधण्यात तिच्या बापाचं नाव तिकडच्या पाच-सहा पाड्यांत होतं म्हणे. आल्यावर महिन्याभरात ती एका दुपारी बाजवळ टेकली आणि गंमत म्हणून एक तीर बांधला. दोरा दातांनी धरायची, गाणं पुटपुटायची, पीस बसवताना डोळे मिटायची. बाने तो तीर घेतला, ओठांवरून फिरवला आणि म्हणाला, "वा."

मला वर्षभरात त्याने "बरा आहे" म्हटलं होतं, "चालेल" म्हटलं होतं. "वा" कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर घरात जे काही व्हायचं ते माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. दादाने मोखाड्याच्या बाजारातून तिला लाल कंगवा आणला. आमचा कुत्रा काळू रात्री माझ्या पायाशी झोपायचा, तो तिच्या पायाशी झोपायला लागला. बा हाक मारायचा तेव्हा आधी "जिवले" म्हणायचा, मग आठवण झाल्यासारखं "सुकरे". ती मात्र माझ्याशी नीट वागायची. "वन्सं, तुमचे केस विंचरू का?" म्हणायची, त्याच लाल कंगव्याने. मी म्हणायचे, "माझे मला येतात."

आम्ही दोघींनी दोन दिवसांत तीर बांधले. मी माझा तीनदा सोडून पुन्हा बांधला. तिने एकदाच बांधला आणि माझ्या उशाच्या कुडात माझा, तिच्या उशाच्या कुडात तिचा, असे ते डिंक सुकायला खोचले. बाने हात लावला नाही. "मी आता हात लावला तर लोक म्हणतील पोरीची बाजू घेतली. नाय तर म्हणतील सुनेची," तो म्हणाला.

शिकारीच्या आदल्या दिवशी वैनी घागर घेऊन झऱ्यावर गेली. दादा कामठ्याला बांबूची नवी दोरी चढवायला कारभाऱ्याकडे गेला होता. बा ओट्यावर पडला होता. मी तिचा तीर कुडातून काढला. फक्त बघायचा होता. हातात घेतला, डोळ्यासमोर धरला आणि पिसांपासून टोकाच्या फाळापर्यंत बघितलं. तो इतका सरळ होता की मला माझ्या तिराकडे बघवेना.

डाव्या पंखाची पिसं एका बाजूला कलतात, उजव्या पंखाची दुसऱ्या. तिराला तीन पिसं लागतात. तिन्ही एका पंखाची असली तर तीर स्वतःभोवती फिरत नीट जातो. एक जरी दुसऱ्या पंखाचं आलं तर पिसं एकमेकांना ओढतात आणि तीर वाटेत भरकटतो. बा म्हणायचा, "घरात सवत आणू नये, तिरात दुसरा पंख आणू नये."

मी दोरा थुंकीने भिजवला. डिंक सुटला. खालचे आठ वेढे काढले, तिचं एक पीस ओढून घेतलं आणि माझ्या पंखातलं उरलेलं एक त्या जागी बसवलं. तसेच आठ वेढे दिले. चुलीच्या धगीला धरून डिंक सुकवला. वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं. तीर होता तिथे खोचला. तिचं पीस हातात राहिलं, ते कुठे ठेवावं कळेना म्हणून चुलीत टाकलं.

"पिसं कोण जाळतंय?" बाहेरून बाचा आवाज आला.

"कोंबडीचं पडलं होतं, बा."

 थोड्या वेळाने वैनी डोक्यावर घागर घेऊन आत आली, एकदा नाक वर करून वास घेतला आणि पाणी ओतायला लागली. मी भाकरी थापत होते. एकही भाकरी फाटली नाही. ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत सगळा पाडा माळावर होता. गवत कापलेलं, मध्ये मध्ये कुळथाची राहिलेली ताटं, आणि खालच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या. ससे पहाटे कुळथात चरायला येत आणि ऊन वर आलं की जाळ्यांत शिरत. बायका-पोरांनी खालून हाका घालायचा, कामठेवाल्यांनी वर उभं राहायचं. पण पहिला ससा आमच्या घराला बोलून ठेवलेला होता. देवू कारभाऱ्याने सगळ्यांना बजावलं, "लखमाचे दोन तीर सुटेस्तोवर कुणी दोरी ओढली तर कामठा मोडून चुलीत घालीन."

बाला हाताला धरून आणलं होतं. तो एका खडकावर बसला.

"आधी कुणाचा?" दादाने विचारलं.

"आधी जिवलीचा," बा म्हणाला. "परक्या घरातनं आली. पहिला मान तिचा."

तो मानही मला खुपला. आदल्या दिवशी मी काय केलं होतं ते ठाऊक असूनसुद्धा.

आम्ही बायका खाली गेलो आणि एका ओळीत, थाळ्या वाजवत, ओरडत वर यायला लागलो. वैनी माझ्यापासून दहा पावलांवर होती. तोंड भरून ओरडत होती, मध्येच हसत होती. अर्ध्या वाटेवर काळू भुंकला आणि जाळीतून एक मोठा ससा उसळून वर निघाला. सरळ दादाच्या अंगावर गेल्यासारखा. दादाने गुडघा टेकला, तीर लावला, आणि ससा तीसएक पावलांवर येईतो थांबला. त्याला थांबता यायचं. पाड्यात तेवढं कुणालाच यायचं नाही.

तीर सुटला. पहिली दहा पावलं तो नीट गेला. मग त्याने शेपटी हलवल्यासारखं केलं, एकदा डावीकडे मान टाकली आणि सशाच्या पुढ्यातच, तिरपा, जमिनीत घुसला.

ससा थबकला. नाकासमोर अचानक काहीतरी थरथरत उभं राहिलेलं बघून तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, कान ताठ करून. तोवर दादाने दुसरा तीर लावला होता. थांबलेला ससा. लहान पोरालाही लागला असता. माझा तीर त्याच्या छातीतून आरपार गेला.

सगळे ओरडले. मीही ओरडले असेन. देवू कारभारी पळत गेला आणि पहिला तीर उपटून वर धरून म्हणाला, "अरे, हा बघा! तलासरीचा तीर तलासरीला निघाला व्हता! माहेराची आठवण आली बिचाऱ्याला!"

बायका हसून हसून खाली बसल्या. "लखमा, बायको पण अशीच जाईल रे वाटेत वळून!" कुणीतरी ओरडलं.

दादाचं तोंड काळं पडलं. नेम त्याचा, आणि हसू झालं होतं त्याचं. तो वैनीजवळ आला. "काय बांधलंस गं? हेच शिकवलं तुझ्या बापानं? सगळ्या पाड्यात माझं नाक कापलंस."

"सरळ होता तो," वैनी म्हणाली. "मी बघितला होता. सरळ होता."

"मग मीच वाकडा मारला का?"

 दादाने वाकडा मारला असं ती सगळ्यांसमोर म्हणणार नव्हती.

"तो तीर इकडं आण," बा खडकावरून म्हणाला.

देवूने तीर त्याच्या हातात दिला. हसणं चालूच होतं. बाने तीर मांडीवर आडवा घेतला आणि अंगठा पहिल्या पिसावरून खालून वर नेला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्यावर अंगठा आला आणि तिथेच थांबला. पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. मग त्याने दोऱ्याचे खालचे वेढे एकेक करून नखाने मोजले. त्या वर्षभरात मला वेढे द्यायला शिकवणारा तोच होता. माझे वेढे तो अंधारातही ओळखायचा.

वैनीही बघत होती. तिने बाच्या अंगठ्याकडे बघितलं, तो कुठे थांबला ते बघितलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली वाकून पायातला काटा काढायला लागली.

मला वाटलं, आता बा बोलेल. तीर वर धरेल. उजव्या पंखाची पिसं अख्ख्या माळावर एकाच बाईकडे होती.

"काय शिडवा?" देवू म्हणाला. "पीस नीट बसलं नाय ना?"

"नाय," बा म्हणाला. "नीट बसलं नाय." तीर त्याने बाजूला ठेवला. "ससा सुकरीच्या पदरात टाका. शब्द दिलाय."

दादाने ससा माझ्या पदरात टाकला. तो अजून गरम होता, आणि मला वाटला होता त्यापेक्षा जड. बायकांनी माझ्या डोक्याला हळद लावली. आजीचं नाव घेतलं. मी दोन्ही हातांनी पदर धरून उभी राहिले.

त्या दिवशी रस्सा वैनीनेच केला. दादा दोन वेळा वाढून घेऊन जेवला. बाने नागलीची भाकरी मिठाशी खाल्ली. "पोट ठीक नाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा त्याने मला ओट्यावर बोलावलं. पोतडी माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर तो वाकडा तीर ठेवला.

"पोतडी घे. तुझी झाली."

मी हात लावला नाही.

"आधी हा सोड," तो म्हणाला. "इथंच. माझ्यासमोर."

मी सुरी घेतली. दोरा कापला. तीन पिसं सुटून माझ्या मांडीवर पडली.

"त्यात एक तुझं हाय. तेवढं काढून घे. बाकीची जिची तिला दे."

"बा..."

"दे म्हणतो ना."

त्याने मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तो उठला, भिंत चाचपत आत गेला. त्यानंतर दोन वर्षं तो जगला आणि त्या दोन वर्षांत मी बांधलेले कितीतरी तीर त्याच्यासमोर सुकायला ठेवलेले असत. त्याने एकालाही ओठ लावला नाही.

वैनी मागच्या अंगाला उखळात वरई कांडत होती. मी दोन पिसं घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. ती कांडत राहिली.

"वैनी, ही तुझी."

"ठेवा तिथं, वन्सं." मग मुसळ वर धरून तिने पिसांकडे बघितलं. "दोनच? तिसरं?"

"जळलं."

"हं," ती म्हणाली. "वास आला होता." आणि मुसळ खाली आलं.

मी जाईना. मला वाटत होतं तिने भांडावं. माझ्या झिंज्या धराव्यात, दादाला हाक मारावी, तलासरीला निघून जावं. काहीतरी करावं, म्हणजे मलाही तिला काही बोलता येईल. ती म्हणाली, "वन्सं, तुमचा तीर मी कुडात बघितला होता. पहिल्या दिवशीच. चांगला होता."

"तुझ्याएवढा?"

ती विचारात पडली. खरंच विचार करत होती. "काय माहीत. माझा सरळ गेला असता तर कळलं असतं."

एवढं बोलून ती पुन्हा कांडायला लागली. मी तिथे उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं की मी तिचं जे घेतलं त्यापेक्षा माझंच जास्त गेलं. मी कदाचित हरले असते. बाच्या शेजारची जागा तिची झाली असती आणि मी जळत राहिले असते, पण मला ठाऊक झालं असतं. कदाचित जिंकलेही असते. तीन वेळा सोडून बांधलेला तीर होता माझा. आता ते कुणीच कधी सांगणार नव्हतं. बासुद्धा नाही.

त्या घरात तिने पुन्हा तीर बांधला नाही. दादा दोन-तीनदा म्हणाला, तर म्हणाली, "मला नाय जमत. तुम्हीच बघितलंत ना." तो हसायचा. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बा साठ सालच्या पावसाळ्यात गेला, तापाने, तीन दिवसांत. देवू कारभारी त्याच्यानंतर वीस वर्षं जगला आणि दर शिमग्याला तलासरीच्या तिराची गोष्ट सांगून सगळ्यांना हसवत राहिला; दर वर्षी तीर आणखी थोडा लांब जायचा. दादा वसईकडे वीटभट्टीवर जायला लागला. एका वर्षी छातीचं दुखणं घेऊन परत आला तो पुन्हा उठला नाही. मी सहा-सात वर्षं पाड्याचे तीर बांधले. चार ससे माझ्या पदरात पडले. मग जंगलखात्याचे लोक कामठे उचलून न्यायला लागले, ससेही दिसेनासे झाले, आणि मी आश्रमशाळेत भाकऱ्या करायला गेले. तिथेच मुलींबरोबर बसून लिहायला-वाचायला शिकले. पुन्हा लग्न केलं नाही. पोतडी माळ्यावर होती; एका पावसाळ्यानंतर काढली तर वाळवीने सुरीचं पातं तेवढं ठेवलं होतं.

वैनी आहे. आता तीही ऐंशीच्या पुढे आहे. पाच मुलं झाली, तीन राहिली. माझ्या घराला लागून तिचं घर आहे आणि माझ्या आजारपणात मला भरवणारी तीच असते. कान गेलेत, पण डोळे अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी उन्हाला बसलो होतो. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या कानाजवळ तोंड नेऊन मी मोठ्याने विचारलं, "वैनी, तो तीर. तुझा. त्याच्याबद्दल तू बाला कधी काही बोललीस का?"

"कसला तीर?"

"शिमग्याच्या शिकारीचा. घारीची पिसं. मी बदललं ते पीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या घालून तिने खूप आठवून बघितलं. मग मान हलवली आणि हसली.

"मला नाय आठवत, वन्सं. मी कधी तीर बांधला होता का?"

मी तिचा चेहरा नीट निरखून पाहिला. ती खोटं बोलत नव्हती. ती उन्हाकडे पाठ करून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोड्या वेळाने तिला डुलकी लागली. मी तिच्या शेजारी जागी बसून राहिले, आणि या वयात, पुन्हा एकदा, मला तिचा हेवा वाटला.